फ्री डिशवर अचानक ‘नो सिग्नल’: छत्री हलवण्याआधी काय तपासायचं

काल रात्री मालिका नीट दिसली, सकाळी टीव्ही लावला तर ‘नो सिग्नल’. डीडी फ्री डिश असलेल्या घरात पुढचं ठरलेलं असतं. कोणीतरी गच्चीवर चढतं, छत्री दोन्ही हातांनी धरून जराशी फिरवतं आणि वरून ओरडतं, “आलं का?” मूळ दोष बहुतेक वेळा केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचा असतो. आता त्यात दिशा चुकल्याची भर पडते, आणि दोन दोष एकत्र आले की त्यातला एकही धड सापडत नाही. वादळ झालं, माकडं नाचून गेली किंवा गच्चीवर गवंडीकाम निघालं, यातलं काहीच घडलं नसेल तर नीट आवळलेली छत्री आपणहून फिरत नाही. म्हणून तिला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

(घरावर जुना काड्यांचा अँटेना अजून उभा असेल तर त्याच्या नादी लागू नका. दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास सगळीकडे बंद झालं. त्याचा पाइप मात्र छत्रीसाठी कामाला येतो.)

‘नो सिग्नल’ कोण म्हणतंय?

बॉक्सच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू पडद्यावर आला तर टीव्ही, एचडीएमआय किंवा तीन रंगांची एव्ही वायर आणि बॉक्स ठीक आहेत. दोष बॉक्सच्या मागच्या केबलपासून वर छत्रीपर्यंत कुठेतरी आहे. मेनूच आला नाही तर गच्चीशी काही संबंध नाही. टीव्हीचा सोर्स बदललाय का, एचडीएमआयची पिन सैल झालीय का, बॉक्सचा दिवा लागलाय का, एवढंच बघा. घरातल्या लहान मुलाने सोर्स बदलला आणि मोठ्यांनी छत्री फिरवली, असं सर्रास होतं.

बॉक्स सारखा आपोआप बंद-चालू होत असेल तर संशय अडॅप्टरवर घ्या. बऱ्याच बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो. आतला कपॅसिटर फुगला की नुसता मोजल्यावर तो १२ दाखवतो, पण बॉक्स आणि एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग) यांचा भार पडला की खाली बसतो. त्यामुळे मीटरवर विसंबू नका; तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तशाच पिनेचा दुसरा अडॅप्टर लावून बघा.

काय गेलं आणि कधी गेलं

सगळीच चॅनेल गेली असतील तर पहिलं काम शेजाऱ्याला विचारणं. शेजारीही फ्री डिश असेल आणि त्यांचंही गेलं असेल तर शांत बसा. दिल्लीहून उपग्रहाकडे जाणाऱ्या सिग्नललाही अडचणी येतात.

एकच चॅनेल गेलं आणि बाकी स्वच्छ दिसतंय, तर दोष छत्रीत किंवा केबलमध्ये नाही. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलांच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो आणि नवी वाटणी साधारण १ एप्रिलपासून लागू होते. काही चॅनेल निघून जातात, काहींची जागा बदलते. मेनूतून पुन्हा स्कॅन करा. त्यानंतरही शेजाऱ्याकडे दिसणारं चॅनेल तुमच्याकडे नसेल, तर बॉक्स जुना एमपेग-२चा (चित्र दाबून पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा) आहे आणि ते चॅनेल नव्या एमपेग-४वर आहे, असं समजा. त्यावर छत्री फिरवून उपाय नाही, बॉक्सच बदलावा लागतो.

चॅनेलांचा एक अख्खा गट गेला आणि बाकीचे ठणठणीत, हा प्रकार वेगळा. अनेक चॅनेल एकाच ट्रान्सपाँडरवर, म्हणजे एकाच वारंवारतेवर बसलेली असतात. एक गट जातो तेव्हा दिशा जराशी सरकलेली असते, एलएनबी म्हातारी झालेली असते, किंवा केबलमध्ये बाहेरचा गोंगाट शिरतो. या शेवटच्या कारणाचा विचार फारसा कोणी करत नाही. एलएनबी उपग्रहाच्या वारंवारतेतून ९७५० वजा करून उरलेला सिग्नल केबलमधून खाली सोडते. म्हणजे ११५५५ ते ११६३० मेगाहर्ट्झचा पट्टा केबलमध्ये १८०५ ते १८८० वर येतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात मोबाइलचे टॉवर ४जी सोडतात. टॉवर जवळ, केबल हलक्या जाळीची (आवरणाखालची बारीक तारांची जाळी विरळ असलेली) आणि एखादा कनेक्टर सैल, अशी तिन्ही जुळली की तेवढीच चॅनेल फुटायला लागतात. चांगल्या दाट जाळीची आरजी-६ केबल आणि घट्ट कनेक्टर, एवढ्यावर हे मिटतं.

वेळेवरूनही बरंच कळतं. भर दुपारी गेलं आणि दिवेलागणीनंतर परत आलं, असं रोज होत असेल तर उन्हात तापून एलएनबीची वारंवारता सरकते आहे, ती बदला. पहाटे गेलं आणि ऊन चढल्यावर आलं, तर कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीच्या टोपीत दव साठतं आहे. मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं जाणं मात्र दोषात धरू नका. इतक्या वरच्या वारंवारतेचा सिग्नल दाट पावसाच्या थेंबांतच विरतो, आणि कोकणात, घाटमाथ्यावर हे व्हायचंच. पाऊस थांबून अर्धा तास उलटला तरी चित्र आलं नाही, तर पाणी आत गेलं आहे.

जाता जाता आणखी एक. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे अकराला थोडी मिनिटं कमी असताना काही दिवस ओळीने काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. काही करायचं नसतं. पण ही वेळ लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

दोन पट्ट्या: स्ट्रेंथ आणि क्वालिटी

मेनूत इन्स्टॉलेशन किंवा अँटेना सेटिंग उघडा. पासवर्ड मागितला तर बहुतेक बॉक्सना ०००० चालतो. तिथे उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व असा हवा. जुन्या बॉक्समध्ये इन्सॅट-४बी किंवा डीडी डायरेक्ट प्लस असं नाव असेल तरी बिघडत नाही, आकाशातली जागा तीच आहे. एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. डायसेक बंद, २२के ऑटो किंवा बंद. ट्रान्सपाँडर ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर असेल तर ‘एलएनबी पॉवर’ चालू आहे ना, तेही पाहा. फॅक्टरी रीसेट झाल्यावर हे आकडे बदलतात आणि सगळं जागच्या जागी असूनही चित्र येत नाही.

आता पट्ट्या वाचा. स्ट्रेंथ म्हणजे केबल जोडलेली आहे आणि एलएनबी जिवंत आहे, एवढंच. छत्री कुठल्याही मोकळ्या आकाशाकडे असली तरी ती ५०-६० टक्के दिसू शकते, म्हणून तिच्यावर खूश होऊ नका. बॉक्सला उपग्रहाचा सिग्नल खरोखर उलगडतोय का, ते क्वालिटी सांगते. डिजिटलमध्ये जुन्यासारख्या मुंग्या येत नाहीत. क्वालिटी एका पातळीपर्यंत चित्र स्वच्छ असतं, तिच्या खाली गेलं की चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि लगेच सगळंच जातं. त्यामुळे ‘अचानक’ गेलेलं चित्र पुष्कळदा महिनाभर हळूहळू घसरत आलेलं असतं. सगळं ठीक असताना क्वालिटी किती आहे, ते बॉक्सच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवा.

दोन्ही पट्ट्या शून्य: वीज वर पोचत नाही. केबल तुटली, कनेक्टर निघाला, शॉर्ट झालं किंवा एलएनबी मेली.

स्ट्रेंथ चांगली आणि क्वालिटी शून्य: सेटिंग चुकलं, छत्री फिरली किंवा समोर काहीतरी आलं. क्वचित एलएनबी अर्धवट मेलेली असते.

क्वालिटी वर-खाली नाचते: ओला कनेक्टर, सैल एलएनबी, वाऱ्याने हलणारा पाइप किंवा हलणारी फांदी.

दोन्ही शून्य, किंवा ‘एलएनबी शॉर्ट’

बॉक्सचा प्लग काढा. चालू बॉक्सवर कनेक्टर काढ-घाल करू नका, जाळीची एक तार मधल्या तारेला टेकली तरी बॉक्सचा पुरवठा बसतो.

मग शॉर्ट कुठे आहे ते अर्धं-अर्धं करत शोधा. बॉक्सच्या मागची केबल काढून बॉक्स चालू करा. ‘शॉर्ट’चा संदेश तरीही कायम असेल तर बॉक्सच खराब. गेला असेल तर बॉक्स बंद करा, केबल परत जोडा आणि वर एलएनबीचं टोक सोडा, मग चालू करा. संदेश आला तर केबलमध्ये दोष, नाही आला तर एलएनबीत.

मल्टीमीटर असेल तर काम आणखी सोपं. डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि एलएनबीपासून सोडवलेल्या वरच्या टोकाला मधली तार व बाहेरची कडी यांच्यात मोजा. व्हर्टिकलला १३ च्या आसपास आणि हॉरिझॉन्टलला १८ च्या आसपास मिळायला हवेत. वर दिलेला ११०९० व्हर्टिकल आहे, म्हणून तुम्हाला १३ दिसतील. खाली बॉक्सवर १३ आणि वर शून्य, तर केबल मध्येच गेली. उंदीर, दारात चेपलेली वायर किंवा पत्र्याच्या धारेवर घासलेलं आवरण, यातलं एक सापडेल.

कनेक्टर: सगळ्यात जास्त दोष इथेच

एलएनबीला जोडलेला एफ कनेक्टर ११ नंबरच्या पान्याने सोडवा आणि उजेडात बघा. मधली तार तांब्याच्या रंगाची, चकचकीत हवी. काळी पडली असेल, हिरवट झाली असेल, जाळीवर पांढरी भुकटी दिसत असेल किंवा बोट लावल्यावर ओल लागत असेल, तर तुमचा दोष बहुधा सापडला. नुसतं पुसून परत लावलं तर आठ दिवसांनी पुन्हा वर चढावं लागेल. केबल १५-२० सेंटिमीटर मागे कापा, आतली जाळी चकचकीत लागेपर्यंत. अर्धा मीटर कापूनही ओल लागत असेल तर पाणी जाळीतून झिरपत खाली गेलंय. अख्खी केबल बदला. मध्ये जोड देऊन भागवू नका.

नवीन टोक करताना बाहेरचं आवरण साधारण १५ मिलिमीटर सोला. जाळी मागे दुमडून आवरणावर बसवा. एकही बारीक तार पुढे राहता कामा नये, शॉर्ट तिथूनच होतो. पांढरा फोम ८-९ मिलिमीटर सोला, पण मधल्या तारेवर ब्लेडची खाच पडू देऊ नका, नाहीतर वाकवताच ती तुटते. कनेक्टर घट्ट बसवल्यावर पांढरा फोम आतल्या तळाशी टेकलेला दिसावा आणि मधली तार कडीच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी. त्याहून आखूड असेल तर टेकत नाही, फार लांब असेल तर एलएनबीच्या आतली पकड वाकते. हाताने पूर्ण आवळा आणि पान्याने पाव फेरा द्या, जास्त नको.

मग पाणी अडवणं. साधी काळी इलेक्ट्रिकची टेप एका उन्हाळ्यात सुटते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप घ्या, ताणून दुप्पट लांब करत गुंडाळा आणि खालून सुरू करून वर जा, म्हणजे पदर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी घसरून जातं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. एलएनबीखाली केबलला एक झोळ सोडा, कनेक्टरच्या पातळीखाली जाईल असा. पाणी झोळाच्या तळाशी जमून टपकतं, वायरीवरून घरात येत नाही. घराच्या भिंतीत शिरण्याआधीही असाच एक झोळ हवा.

एलएनबी

पुढची प्लास्टिकची टोपी तपासा. उन्हाने ती ठिसूळ होऊन बारीक चिरा पडतात, आणि कावळे चोच मारून भोकही पाडतात. आत पाणी गेलेली एलएनबी उन्हात वाळवली तर दोन दिवस चालते, पुन्हा मरते. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे, बदलून टाका. टोपीवर गांधीलमाश्यांचं मातीचं घर असेल तर काढा. ओली माती सिग्नल पितेच. छत्रीच्या पत्र्यावरची धूळ किंवा पक्ष्यांची घाण मात्र काही बिघडवत नाही.

जुनी काढण्याआधी ती पकडीत किती आत होती आणि किती फिरवलेली होती, याच्या खुणा मार्करने करा. महाराष्ट्रात या उपग्रहासाठी एलएनबी तिरकी बसते. ‘वाकडी झालीय’ म्हणून सरळ केली की क्वालिटी पडते. नवी बसवल्यावर पाच-पाच अंश फिरवत सगळ्यात जास्त क्वालिटीला आवळा.

समोर काय आलं?

उपग्रह आग्नेयेला बराच उंच आहे. मुंबईहून दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १३१ अंश आणि उंची ५८ अंश, पुण्याहून १३२ आणि ५९, कोल्हापूरहून १२९ आणि ६०, नागपूरहून १४५ आणि ६०, पणजीहून १२७ आणि ६१. उंची इतकी असल्याने लांबची इमारत सहसा आड येत नाही. मुंबईच्या हिशोबाने छत्रीपासून दोन मीटरवरची भिंत छत्रीपेक्षा सव्वातीन मीटर उंच असली तर अडवते. दहा मीटरवरचं झाड सोळा मीटर वर जायला लागतं. त्यामुळे अगदी जवळचं बघा: नवीन बसवलेली पाण्याची टाकी, पावसाळ्याआधी पुढे काढलेला पत्रा, वाढलेला शेवगा, नारळाची झावळी. वादळात लटकलेली ताडपत्री कोरडी असताना सिग्नल सोडते आणि ओली झाली की अडवते, म्हणून ती लवकर लक्षात येत नाही.

मघाची सूर्याची वेळ इथे कामाला येते. १२ मार्चच्या आसपास सव्वाअकराला किंवा १ ऑक्टोबरच्या आसपास अकराच्या जरा आधी गच्चीवर जा. सूर्य उपग्रहाच्याच दिशेला असतो. एलएनबी आणि तिच्या दांडीची सावली सोडून दुसरी कशाचीही सावली छत्रीवर पडत असेल, तर तीच वस्तू सिग्नल अडवते आहे. शेवग्याची नेमकी कोणती फांदी छाटायची, तेही तिथेच दिसतं.

आता छत्री

इथवर काही सापडलं नाही तरच. ओल्या पत्र्यावर किंवा ढग गडगडत असताना चढू नका आणि विजेच्या तारांपासून लांब राहा.

आधी पाइप हलवून बघा. पाइप ओळंब्यात नसेल किंवा डुलत असेल तर वर कितीही जुळवलं तरी टिकत नाही. मग छत्रीला पोचा आलाय का, ते पाहा: काठावरून काठावर दोन दोऱ्या अधिक चिन्हासारख्या ताणून बांधा. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. मध्ये फट राहिली किंवा एक दुसरीला दाबत असेल तर छत्री पिळली आहे. ती बदललेली बरी.

छत्री पाइपला धरणाऱ्या पट्टीच्या आत्ताच्या जागेवर मार्करने रेघ ओढा, म्हणजे जमलं नाही तर परत मूळ जागी येता येईल. बोल्ट १० किंवा १३ नंबरच्या पान्याने छत्री जेमतेम हलेल इतपतच ढिले करा. आधी डावं-उजवं, मग वर-खाली. दोन्ही एकदम कधीच नाही. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा काठ अर्धा सेंटिमीटर सरकला की दिशा साधारण एक अंश बदलते, आणि सिग्नल मिळण्याची जागा जेमतेम तीन अंश रुंद आहे. म्हणून अर्ध्या सेंटिमीटरहून कमी सरकवा आणि प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबा. बॉक्सची पट्टी उशिरा हलते आणि घाईत जागा निघून जाते. खाली टीव्हीसमोरच्या माणसाने आकडा फोनवर सांगावा, “आलं-गेलं” नको. आकडा वाढून घसरायला लागला की मधोमध परत या. वर-खालीच्या कोनात छत्री दिसते त्याहून जास्त वर बघत असते, कारण एलएनबी मधोमध न बसवता खालच्या बाजूला असते. त्यामुळे ५८ अंशांसाठीही ती तोंड आकाशाकडे करून पडलेली दिसणार नाही.

शेजारी ९१.५ आणि ९५ अंशांवरही उपग्रह आहेत. क्वालिटी आली की लगेच बोल्ट आवळू नका, स्कॅन करून डीडी नॅशनल, सह्याद्री ही नावं येतात का ते पाहा. बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला तर छत्री त्या बाजूला ओढली जाते. आवळल्यानंतरही आकडा तोच आहे ना, ते पुन्हा विचारा.

दोन टीव्ही असतील तर

एका छत्रीवर दोन बॉक्स लावताना बाजारात हाताला लागेल तो स्प्लिटर (एका केबलच्या दोन केबल करणारा जोड) आणला जातो. केबल टीव्हीच्या स्प्लिटरवर ५-१००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, आणि ११०९० चा सिग्नल केबलमध्ये १३४० वर येतो. अशा स्प्लिटरमधून तो नीट जाणं शक्य नाही. ५-२४०० किंवा ५-२५०० लिहिलेलाच घ्या. त्याच्या एकाच तोंडातून वीज वर जात असेल तर त्या तोंडाचा बॉक्स बंद केला की दुसऱ्या खोलीतलाही टीव्ही जातो. ‘कधी येतं, कधी जातं’ ही तक्रार अशा घरांत बहुधा याचीच असते. दोन्ही तोंडांना वीज जाऊ देणारा, डायोड असलेला स्प्लिटर चालतो. दोन तोंडांची एलएनबी बसवून दोन स्वतंत्र केबल खाली आणल्या तर ही भानगडच राहत नाही.